लांब केसांतलं दाट तेल धुऊन काढायचं कसं? (एरंडेल, नारळतेल, काढा, शॅम्पू, सगळं चालेल)

मोरपिसारा

तेल कसं लावावं यावर ढीगभर धागे आहेत. ते काढावं कसं, यावर मात्र "दोनदा शॅम्पू करा" यापलीकडे कुणी जात नाही. खांद्यापर्यंतच्या केसांचं तेवढ्यावर भागतं. कमरेपर्यंतच्या केसांत रात्रभर एरंडेल मुरवलेलं असेल तर नाही भागत. मग ठरलेलं चित्र दिसतं: कपाळाजवळचे केस भुरभुरीत, मानेवरच्या आणि कानामागच्या बटा चिकट, आणि तिसऱ्यांदा शॅम्पू लावल्यामुळे टोकं झाडूसारखी.

माझ्या मते चूक शॅम्पूत नसते, क्रमात असते. तेलकट केसांवर आधी पाणी ओतायचंच नाही. कमरेइतक्या केसांसाठी क्रम असा:

न्हायच्या आधी कोरड्या केसांचे पाच-सहा भाग करा आणि जुन्या सुती पंचाने प्रत्येक भाग वरून खाली दाबत पुसून घ्या. पंचा ओला झाल्यासारखा दिसला तर तेल जास्तच झालं होतं. मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर येत गुंता काढा. तेल लागलेल्या कोरड्या केसांतला गुंता जितका सहज निघतो तितका ओल्यातला निघत नाही.

आता पाणी न लावता साधा, स्वस्त कंडिशनर घ्या. ३० ते ४० मिली, म्हणजे दोन-अडीच टेबलस्पून. कानापासून खाली सगळीकडे चोपडा, मानेवर थोडा जास्त. दहा मिनिटं थांबा. मग ओंजळभर कोमट पाणी घेऊन केस मुठीत दाबत खाली उतरा. दुधासारखं पांढरं पाणी गळायला लागलं की काम होतंय असं समजा. दोन मिनिटं असंच करून मग भरपूर पाण्याने धुवा. निम्म्याहून जास्त तेल इथेच जातं.

त्यानंतर शॅम्पू. १० मिली शॅम्पूत ५० मिली पाणी घालून सॉसच्या नळीच्या बाटलीत भरा. आधी मान, मग कानामागे, मग माथा. बोटांच्या पेरांनी टाळू चोळा, नखं नकोत. लांबीला वेगळा शॅम्पू लावू नका, वरून उतरणारा फेसच तिला पुरतो. धुवून दुसऱ्यांदा निम्म्या मापाने. तिसऱ्यांदा लागत असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांत घाई झालेली असते.

रसायनी

क्रम बरोबर आहे. कारणही लिहितो, म्हणजे कुणाला एखादी पायरी गाळायचीच असेल तर काय गमावतोय ते कळेल.

शॅम्पूतल्या फेस करणाऱ्या द्रव्याचे रेणू तेलाच्या थेंबाभोवती कडं करतात, एक टोक तेलात आणि दुसरं पाण्यात, आणि तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. पण त्यासाठी तेलाचे बारीक थेंब व्हावे लागतात. केसावर तेलाचा सलग थर असताना त्यावर पाणी ओतलं की ते घरंगळून जातं आणि शॅम्पू त्या थराच्या फक्त वरच्या अंगाला लागतो. कंडिशनरमध्ये सेटिअरिल अल्कोहोलसारखी मेदयुक्त अल्कोहोलं आणि धनभारित द्रव्यं असतात. ती कोरडेपणी तेलात थेट मिसळतात. मग थोडं पाणी पडलं की तेल बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळतं, त्याचं पांढरं इमल्शन होतं. मोरपिसारा म्हणतात तो दुधाळ रंग हाच.

दुसरं, फेसाबद्दल. तेल फेस मारतं. पहिल्या वेळी फेस झाला नाही म्हणजे शॅम्पू कमी पडला असं नाही, तो तेलाच्या मागे लागलाय एवढंच. लोक इथेच बाटली उलटी करतात. दुसऱ्या वेळी निम्म्या शॅम्पूतही भरपूर फेस येतो, आणि तेल गेल्याची ती चांगली खूण आहे.

पाणी घालून शॅम्पू पातळ केल्याने तो कमजोर होईल ही भीती नको. बाजारातल्या साध्या शॅम्पूत धुणारी द्रव्यं साधारण १० ते १५ टक्के असतात. पाचपट पाणी घातलं तरी जे उरतं ते तेल उचलायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या कितीतरी वर असतं. फायदा असा की पातळ द्रव टाळूपर्यंत पोचतो, घट्ट गोळा वरच्या केसांतच अडकून बसतो. मात्र पातळ केलेला शॅम्पू त्याच दिवशी संपवा. त्यातलं टिकवणारं द्रव्यही पातळ झालेलं असतं, बाटली आठवडाभर न्हाणीघरात ठेवली तर त्यात जंतू वाढतात.

तिरफळ

सगळं शॅम्पूवरच चाललंय. शिकेकाई-रिठ्याने पिढ्यान्‌पिढ्या नारळतेल निघत आलंय, तेही गुडघ्यापर्यंतच्या केसांतून. फक्त काढा नीट हवा. बाजारची पूड पाण्यात कालवून डोक्यावर थापली तर तेलही निघत नाही आणि भुसाही.

कमरेइतक्या केसांचं माप: रिठे ८ ते १०, फोडून बिया काढून टाकलेले. शिकेकाईच्या शेंगा ६-७, ठेचलेल्या. आवळकाठी एक टेबलस्पून. सव्वा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळा, पातेलं मोठं घ्या कारण रिठा उतू जातो. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून दुहेरी मलमलीतून गाळा. गाळण्यात कंटाळा केला तर शिकेकाईचे तुकडे केसांत अडकतात आणि वाळल्यावर कोंड्यासारखे दिसतात.

लावताना अर्धा काढा मानेवर आणि टाळूवर, हळूहळू ओतत. तीन-चार मिनिटं चोळून धुवा, मग उरलेला अर्धा. डोळे घट्ट मिटलेले हवेत, रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर चुरचुरतो. लहान मुलींना मागे मान टाकून, आडवं निजवूनच न्हाऊ घालावं.

काढा त्याच दिवशी वापरलेला बरा. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस. आवळा घातलेला काढा लोखंडी कढईत उकळला तर काळा होतो. केसांना त्याचं काही नाही, पण पांढऱ्या टॉवेलाला आणि फरशीला होतं.

बोअरवेल

तिरफळताई, कोकणातल्या विहिरीच्या पाण्यात हे छान जमतं. सोलापूर, लातूर, नगरकडे बोअरच्या पाण्यात गणित बदलतं.

जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा चिकट पांढरा साका तयार करतो. हा साका आणि उरलेलं तेल दोन्ही बोटांना सारखेच लागतात, त्यामुळे तेल निघालं नाही असं वाटून माणूस पुन्हा साबण लावतो आणि साका आणखी वाढतो. म्हणून जड पाण्यात डोक्याला साबणाची वडी लावूच नये. "शिकेकाई साबण" म्हणून मिळतो तोही शेवटी साबणच, नावाने फसू नका. शॅम्पू जड पाण्यात बराच तग धरतो.

ओळखायचं असं: केस वाळल्यावर कंगवा फिरवा. कंगव्याच्या दातांत पांढरट-करडा मऊ मळ येत असेल तर तो साका. कंगवा नुसताच चकचकीत, ओशट होत असेल तर तेल. साका असेल तर एक लिटर पाण्यात एक टेबलस्पून पांढरं व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून शेवटचं पाणी घ्या, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवा. तेल असेल तर व्हिनेगरचा काडीचा उपयोग नाही. आंबटाने तेल विरघळत नाही, कुणीही काहीही सांगो.

आरओचं किंवा पावसाचं पाणी थोडंच असेल तर ते शॅम्पू पातळ करायला आणि अखेरच्या दोन तांब्यांना राखून ठेवा. मधल्या धुण्याला बोअरचं चालतं.

गोकर्ण

एरंडेल शुद्ध, काहीच न मिसळता लावलेलं असेल तरी हाच क्रम का? की वेगळं काही?

रसायनी

क्रम हाच, आधी एक पायरी वाढवा. एरंडेलात रिसिनोलिक आम्ल नावाचं मेदाम्ल ८५ ते ९० टक्के असतं. त्याच्या रेणूवर एक जादा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात. म्हणून ते नारळतेलाच्या दहापटीहून जास्त दाट. सुदैवाने उष्णतेने ते झपाट्याने पातळ होतं. २५ अंशांवरून ४० अंशांवर नेलं की दाटपणा साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

म्हणून शुद्ध एरंडेल लागलेलं असेल तर दोन-तीन चमचे कोमट नारळ किंवा तीळतेल घेऊन ते एरंडेलावरच हलक्या हाताने फिरवा आणि पंधरा मिनिटं गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळा. एरंडेल त्या तेलात मिसळून पातळ होतं. मग पुसा, मग कंडिशनर. तेलाला काढायला आणखी तेल हे उलटं वाटतं, पण चालतं.

एक सावधगिरी. बाटलीवर "लाईट लिक्विड पॅराफिन" लिहिलेलं हलकं केशतेल यासाठी घेऊ नका. ते खनिज तेल असतं आणि एरंडेल त्यात नीट मिसळत नाही, दोन थर वेगळे राहतात. बदामतेल म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत मुख्य घटक तोच असतो, तेव्हा मागचं लेबल वाचा.

डॉक्टरीणबाई

एरंडेलाचा विषय निघालाच आहे तर महत्त्वाचं सांगते. लांब केस आणि दाट तेल यांतला खरा धोका तेल उरण्याचा नाही, केसांचा गोळा होण्याचा आहे. २०१७ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजीमध्ये भारतातल्या एका तरुणीची नोंद आली आहे. लांब केसांना एरंडेल आणि नारळतेल लावून धुतल्यावर केसांचा दगडासारखा घट्ट गोळा झाला. अशा गोळ्यातले केस बहुतेक वेळा कापावेच लागतात. प्रकार दुर्मिळ आहे, पण घडायला काही मिनिटं पुरतात.

तो होतो कसा? केसाच्या पृष्ठभागावर खवले असतात, टोकाच्या दिशेने झुकलेले. ओले केस फुगतात आणि खवले उचलले जातात. अशा वेळी केस डोक्यावर गोळा करून गोल-गोल चोळले तर ते एकमेकांत उलटसुलट अडकतात आणि चिकट तेल त्यांना सुटू देत नाही. लोकरीचा नमदा याच रीतीने तयार होतो. रंगवलेल्या, ब्लीच केलेल्या, स्ट्रेटनिंग केलेल्या केसांत धोका जास्त.

म्हणून कमरेइतके केस कधीही माथ्यावर घेऊन चोळू नका. जाहिरातीत दाखवतात तो फेसाचा मुकुट लांब केसांसाठी नाही. केस पाठीवर किंवा एका खांद्यावरून पुढे, लोंबते ठेवा, हात नेहमी वरून खाली. खाली वाकून केस पुढे उलटे टाकून धुण्याची सवय असेल तर तेलाच्या दिवशी तीही नको, मानेचे केस उलटे वळतात.

गोळा व्हायला लागलाय असं हाताला जाणवलं तर तिथेच थांबा. आणखी पाणी नको, शॅम्पू नको, ओढणं तर मुळीच नको. त्यावर भरपूर कंडिशनर थापा आणि कडेच्या टोकांकडून विणकामाच्या बोथट सुईने एकेक पदर सोडवत आत जा. यात तास जातात. मदतीला दुसरं माणूस घ्या.

उंबरठा

डॉक्टरीणबाई, +१. गावाकडे असा गोळा झाला की "जट आली" म्हणतात आणि कापू देत नाहीत, देवीचा कोप होईल म्हणून. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांची समजूत घालून जट काढून देतात. मानेला त्या ओझ्याचा त्रास होतो, आत उवा होतात, घाण साचते. आजूबाजूला कुणी असेल तर त्यांच्याशी संपर्क करून द्या. विषयांतर वाटेल, पण या धाग्यावर नाही तर कुठे लिहायचं.

कातरवेळ

बेसनाबद्दल कुणी बोललं नाही? डाळीचं पीठ तेल शोषतं, कंडिशनर-शॅम्पूची भानगडच नको.

तिरफळ

शोषतं, खरंय. म्हणूनच दिवाळीच्या अभ्यंगाला अंगाला डाळीचं पीठ, उटणं लावतात. पण अंग आणि कमरेइतके केस यांत फरक आहे. अंगावरून पीठ एका तांब्यात निघून जातं. लांब केसांत मानेपाशी त्याचा लगदा बसतो आणि सुकला की खपली होते. लावायचंच तर फक्त टाळूला: तीन टेबलस्पून पीठ, वस्त्रगाळ केलेलं, ताकासारखं पातळ कालवून. मुगाचं पीठ बेसनापेक्षा बरं, बारीक दळलेलं असेल तर लवकर निघतं. लांबीला पीठ नको म्हणजे नकोच.

मोरपिसारा

मी तर टाळूलाही नको म्हणेन. तेल आणि पीठ मिळून जो लगदा होतो तो न्हाणीच्या जाळीखाली जाऊन बसतो. केसांचं काम झालं तरी प्लंबरचं सुरू होतं.

तिरफळ

जाळीवर जुना पातळ मोजा किंवा फडकं बांधा, लगदा वर राहतो. पण मुद्दा मान्य. जास्वंदीच्या पानांबद्दल मात्र माघार घेणार नाही. १५-२० पानं मिक्सरमधून थोड्या पाण्यात वाटून मलमलीतून पिळली की बुळबुळीत रस मिळतो. तो तेल फारसं काढत नाही, पण काढ्याने राठ झालेले केस सोडवायला कंडिशनरइतका चांगला. काढ्यानंतर पाच मिनिटं लावून धुवायचा. न गाळता लावला तर पानांच्या शिरा आठवडाभर विंचरत बसावं लागेल.

डॉक्टरीणबाई

ज्यांना कोंडा किंवा टाळूवर तेलकट खपल्या आहेत त्यांच्यासाठी वेगळं. त्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि ती मेदाम्लांवर जगते. आपली बहुतेक खाद्यतेलं तिचं जेवणच. कोंड्यावर तेल चोळून रात्रभर ठेवणं म्हणजे तिला पंगत वाढणं. खपल्या मऊ करायला अर्धा-पाऊण तास तेल पुरे, मग ते पूर्ण काढायचं.

डॉक्टरांनी किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा २ टक्क्यांचा शॅम्पू दिलेला असेल तर तो तेलकट टाळूवर लावून फुकट घालवू नका. आधी साध्या शॅम्पूने तेल काढा, मग औषधी शॅम्पू टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवा. "औषध लागू पडत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

आणि न्हाताना हातात येणारे केस बघून घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. तेल लावून, वेणी घालून चार दिवस ठेवलेत तर चार दिवसांचे गळालेले केस वेणीत अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम येतात. तीन फूट लांबीचे दोनशे केस मुठीत मोठे दिसतात. टाळूवर विरळ जागा दिसत असेल, भांग रुंदावत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

गोकर्ण

मुळात तेल किती लावायचं? सगळे काढण्याबद्दल बोलताहेत.

मोरपिसारा

कमरेइतक्या, मध्यम दाट केसांना १० ते १५ मिली, दोन ते तीन चहाचे चमचे. केस फार दाट असतील तर २० मिली. त्यापुढचं तेल केसात शिरत नाही, वर राहून उशीला लागतं. वाटीभर तेल थापणाऱ्यांनी निम्मी मेहनत स्वतःच वाढवलेली असते. एरंडेल एक भाग, नारळ किंवा तीळ तीन भाग हे प्रमाण ठेवा, कंडिशनरची पायरी सोपी जाते.

लावताना तळहातावर दोन थेंब चोळून बटांवरून फिरवा, बाटली थेट डोक्यावर ओतू नका. मानेवर तेल कधीच मुद्दाम लावू नका. वेणी किंवा अंबाडा तिथे टेकतो, आपोआप तेल उतरतं. काढायला सगळ्यात अवघड जागा तीच.

रसायनी

रात्रभर ठेवण्याबद्दलही थोडं. नारळतेलात लॉरिक आम्ल जवळपास निम्मं असतं, त्याचे रेणू सरळ आणि आखूड, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ साली रेळे आणि मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि नारळतेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केसातलं प्रथिन झिजणं फक्त नारळतेलाने लक्षणीय कमी झालं. धुण्याआधी लावलं तरी हा फायदा मिळतो. म्हणजे धुऊन सगळं तेल काढून टाकलं तर उपयोग काय, हा प्रश्न उरत नाही. आत गेलेलं आतच राहतं, आपण वरचं काढतोय.

एरंडेल तसं आत शिरण्यासाठी प्रसिद्ध नाही, ते मुख्यतः वर थर करतं. ते दोन तास ठेवा नाहीतर दहा, काढताना त्रास तेवढाच.

बोअरवेल

थंडीतलं एक राहिलं. नारळतेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात सकाळी नळाचं पाणी त्याहून बरंच गार असतं. अर्धवट निघालेल्या तेलावर गार पाणी पडलं की ते केसांवरच मेणासारखं थिजतं आणि मग कुठलाही शॅम्पू ऐकत नाही. "शेवटचं पाणी गार घ्या, चमक येते" हा सल्ला तेलाच्या दिवशी विसरा. सगळं पाणी कोमट, ३८ ते ४० अंश, मनगटाला सुखद लागेल इतकं. कढत नको, टाळू लाल होते.

बादलीने न्हाणाऱ्यांनी मोठ्या दोन बादल्या आधीच विसणून ठेवा. मध्येच गिझरचं पाणी संपणं हे तेल उरण्याचं सगळ्यात साधं कारण. तेलकट हाताने बादलीतून तांब्या भरला की तवंग बादलीतही येतो, त्यामुळे दुसऱ्या बादलीला हात धुऊनच हात लावा.

मिनेसोटाकर

इथे अमेरिकेत सल्फेट (तेल जोरात काढणारं फेसाचं द्रव्य) नसलेले शॅम्पूच जास्त वापरतात. त्यांनी एरंडेल निघतं का?

रसायनी

निघतं, पण कंडिशनरची पायरी गाळून नाही. लेबलवर पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट असेल तर दोन धुण्यांत काम होतं. कोकॅमिडोप्रोपिल बीटेन किंवा कोकॉयल आयसेथिओनेट पुढे असेल तर शॅम्पू सौम्य, एक धुणं जास्त धरा. तेलाच्या दिवशी साधा सल्फेटवाला आणि एरवी सौम्य, अशा दोन बाटल्या ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. "टू-इन-वन" आणि दाट मोतिया रंगाचे मॉइश्चर शॅम्पू तेलाच्या दिवशी टाळा, ते स्वतःच मागे थर ठेवतात.

भांड्यांचा साबण आणि खायचा सोडा हे दोन्ही नकोत. पहिला तेल झटक्यात काढतो, पण टाळू कोरडी ठणठणीत करतो. सोड्याचं पाणी अल्कधर्मी असतं, केसाचे खवले उचलतं, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या गोळ्याची निम्मी तयारी.

मिनेसोटाकर, ड्रायर वापरत असाल तर लक्षात ठेवा: तेल पुसलेले टॉवेल गरम पाण्यात डिटर्जंटने नीट धुतल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकू नका. तेल उरलेले कपडे ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करून ठेवल्यावर पेटल्याच्या घटना झालेल्या आहेत. असे टॉवेल दोरीवरच वाळवा.

कातरवेळ

सगळं करूनही वाळल्यावर मानेवर दोन चिकट बटा निघाल्याच, आणि तासाभरात बाहेर जायचंय. आता?

मोरपिसारा

पुन्हा अख्खं डोकं ओलं करू नका. वेळ असेल तर फक्त त्या बटांना कोरडेपणीच चमचाभर कंडिशनर, पाच मिनिटं, मग बेसिनशी वाकून तेवढंच धुवायचं आणि थेंबभर शॅम्पू. वेळ नसेल तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट बोटांनी मुळांशी चोळा, पाच मिनिटांनी बारीक ब्रशने झटका. टाल्कम पावडर नको, ती नाकात जाते. आणि मग सरळ वेणी घाला. वेणीत चिकट बट कुणाला दिसत नाही.

डॉक्टरीणबाई

ओले असतानाच तपासलं तर ही वेळ येत नाही. शेवटच्या पाण्यानंतर मानेच्या केसांची एक बट दोन बोटांत धरून खाली ओढा. तेल गेलेलं असेल तर बोटं अडखळतात. सुळकन घसरली आणि पाणी मण्यांसारखं वेगळं होऊन गळालं तर तेल आहे. ही तपासणी शेवटचा कंडिशनर लावण्याआधी करायची, नंतर सगळंच घसरतं.

उंबरठा

फरशीचं कुणीच लिहिलं नाही. न्हाऊन बाहेर पडण्याआधी कपभर गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून फरशी घासा. भांड्यांचा साबण हवा तो इथे! कंडिशनर आणि तेलाचा थर मोझॅकवर दिसत नाही आणि पुढचा माणूस बहुतेक घरातली म्हातारी माणसंच असतात. जाळीतले केस हाताने काढून कचऱ्यात टाका, मग नळीत दोन तांबे गरम पाणी. नारळतेल नळीच्या वाकात (ट्रॅपमध्ये) थिजून केसांना धरून बसलं की पाणी तुंबतं.

तिरफळ

आणि उशीचा अभ्रा त्याच दिवशी बदला. धुतलेले केस पुन्हा त्याच तेलकट अभ्र्यावर टेकले तर दोन दिवसांनी धागा परत वर येईल.